समोरच्या ओट्यावरचं मुलाखत मंडळ

हिंगणघाट तालुक्यात आजवर ज्याला कुणाला नोकरी लागली, ती आमच्या समोरच्या घरातल्या काकाजींमुळे लागली, असं खुद्द काकाजींचं मत आहे. ज्यांना लागली नाही त्यांनी काकाजींचं ऐकलं नव्हतं, हेही त्यांचंच मत. या दोन मतांच्या मध्ये तिसऱ्या मताला जागाच उरत नाही, त्यामुळे आमच्या गल्लीत कुणी वाद घालायच्या भानगडीत पडत नाही. मास्तर, तलाठी, दवाखान्यातल्या नर्स, मोबाइल विकणारे, विमा विकणारे, सगळे कधी ना कधी काकाजींच्या ओट्यावर बसून गेलेले. मीही त्यातलीच. मी इथल्या एका बँकेत कॅश काउंटरवर बसते. काकाजी बँकेत आले की रांगेतल्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून सांगतात, "ते काचेमागची पोरगी हाये ना, आपण तयार केली." एकदा तो रांगेतला माणूस माझे वडील होते. काकाजींनी त्यांनाही सांगितलं, आणि वडिलांनीही मान डोलावली.

गंमत अशी, की एवढ्या अधिकारानं बोलणारा हा माणूस जन्मात कधी मुलाखतीला बसलेला नव्हता. मिसरूड फुटायच्या वयात ते वडिलांचा डबा द्यायला कापसाच्या जिनिंगमध्ये गेले. तिथल्या शेठनं चष्म्यावरून पाहिलं, "उद्यापासून येजो" म्हणाला, आणि काकाजी दुसऱ्या दिवसापासून जे जाऊ लागले ते केस पांढरे होईपर्यंत जातच राहिले. कापसाच्या गाड्या आत घ्यायच्या, शेतकऱ्यांशी गोड बोलायचं, कुणाचं भांडण लागलं तर दोघांनाही चहा पाजायचा, असं त्यांचं काम. मग मुलाखतीचं ज्ञान आलं कुठून? तर लग्न जुळवण्यातून. काकाजींनी वर्धा जिल्ह्यात इतकी लग्नं जुळवली आहेत, की वडनेरपासून तळेगावापर्यंत प्रत्येक गावात त्यांना जेवायला एक घर आहे आणि तोंड चुकवायलाही एक घर आहे. मुलगी पाहायच्या कार्यक्रमात गादीवर बसून त्यांनी अर्धी हयात घालवली. "मुलाखत म्हंजे दुसरं काय असते?" ते म्हणायचे. "पाहाचा कार्यक्रमच तो. ते तुले पाहातेत, तू त्यायले पाहा. फरक इतकाच का चहा त्यायच्या घरचा असते."

रोज संध्याकाळी ओट्यावर मंडळ भरायचं. अध्यक्ष अर्थातच काकाजी. सदस्य म्हणून कोपऱ्यावरचे कापड दुकानवाले शेठ. शेठना प्रश्न सुचायचे नाहीत, म्हणून ते उमेदवाराच्या शर्टाचं कापड चिमटीत धरून पाहायचे आणि ते आपल्या दुकानातलं नसलं की त्याला सरळ नापास करायचे. दारात सुपात तूर निवडत बसलेल्या काकी मंडळाच्या सदस्य नव्हत्या, पण अध्यक्ष अधूनमधून त्यांच्याकडे पाहून मगच पुढचा प्रश्न विचारायचे. उमेदवाराला जी प्लास्टिकची खुर्ची मिळायची तिचा एक पाय लुळा होता. तो मुद्दामच दुरुस्त केलेला नव्हता. "ह्या खुर्चीवर जो डुलला नाई, तो कलेक्टरपुढं बी डुलत नाई," असं काकाजींचं शास्त्र. गिरडचा एक पोट्टा उत्तर देता देता खुर्चीसकट नालीत गेला. काकाजींनी पुढचा प्रश्न थांबवला नाही आणि पोट्ट्यानंही नालीतूनच उत्तर दिलं. तो आज वनखात्यात आहे. वनखात्याला असाच माणूस लागतो, असं काकाजी म्हणतात, आणि एवढ्या वर्षांत वनखात्यानं काही त्याचा इन्कार केलेला नाही.

काकाजींची नजर कायम लोकांच्या पायांकडे. गल्लीतून कुणी बूट चमकवून निघाला की त्याची मुलाखत आहे हे ठरलेलं. मग तो नाही म्हणाला तरी काकाजी त्याला सोडायचे नाहीत. एकदा आर्वीहून आमच्याकडे एक पाहुणे आले, इथे कुणी वारलं होतं, त्याच्या तेरवीला जायचं म्हणून. पांढरा शर्ट, चकचकीत बूट, पडलेला चेहरा. काकाजींनी हाताला धरून त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि खडसावलं, "असा चेहरा घेऊन जाते का कोणी? हसतमुख राहाचं. गेल्या गेल्या सगळ्यायले नमस्कार कराचा, मोकळं बोलाचं, आपल्याबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगाच्या." पाहुणे भिडस्त. मोठ्या माणसानं एवढं सांगितलं म्हणजे इकडची रीत असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी तसंच केलं. त्या घरी आजही त्यांचं नाव निघालं की लोक एकमेकांकडे पाहतात.

"तुमची कमजोरी कोणती?" असं हल्ली सगळीकडे विचारतात, हे काकाजींना कुठून तरी कळलं तेव्हा ते बेचैन झाले. मुलगी पाहायच्या कार्यक्रमात असलं काही कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर लग्न मोडतं. पुष्कळ विचार करून त्यांनी तोड काढली. "खरं सांगाचं नाई आन् खोटं बोलाचं नाई. म्हणाचं, मले गोड लय आवडते. यात कोणाचं काय जाते?" पुढे वर्ध्याच्या एका शाळेत मास्तरांच्या जागा निघाल्या आणि आमच्या ओट्यावरचे बरेच जण एकाच दिवशी तिथे गेले. चौथ्या उमेदवारालाही गोडच आवडतं म्हटल्यावर तिथल्या मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काय हो, तुमच्या हिंगणघाटात तिखट कुणी खातच नाही का?" ही हकीकत पोरांनी रडवेल्या तोंडानं येऊन सांगितली. काकाजी खूश झाले. "पाहा, गावाचं नाव झालं ना! आता पुढच्या वक्ती ओळखतीन तुमाले." पुढच्या वेळी त्यातला एक जण खरंच लागला, हे त्या मुख्याध्यापकांचं दुर्दैव म्हणायचं की पोराचं सुदैव, देव जाणे.

पण काकाजींच्या स्वभावातली खरी गोम वेगळीच होती. आमच्याकडे पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा माणूस हावरट समजतात. यजमानानं "घ्या" म्हणायचं, पाहुण्यानं "नको" म्हणायचं, यजमानानं पुन्हा म्हणायचं, पाहुण्यानं पोटावरून हात फिरवून "आताच जेवलो" सांगायचं, आणि मग कुठे दोघांची अब्रू राखून पोळी ताटात पडते. थोडंफार आम्ही सगळेच करतो हे. काकाजींनी त्याचं व्रतच घेतलं होतं. गल्लीत राहायला आलेल्या एका कोकणातल्या इंजिनिअरनं पोरीच्या बारशाला सगळ्यांना बोलावलं. काकाजी सकाळपासून उपाशी राहून गेले, आणि पान मांडल्यावर म्हणाले, "नाई नाई, राहू द्या, जेवूनच आलो." तो सज्जन माणूस "बरं बरं" म्हणाला आणि पान दुसऱ्याला दिलं. घरी येऊन काकाजींनी मुकाट्यानं पिठलं-भाकर खाल्ली. "माणूस वाईट नाई," ते काकींना म्हणाले, "पण त्याले बिचाऱ्याले कोणी शिकोलंच नाई."

मग जिनिंग बंद झाली. तिथले शेठ वारले, त्यांची मुलं नागपुरात आपापल्या धंद्यात, त्यांनी जागा विकून टाकली. यात कुणाची चूक नव्हती, पण काकाजी घरी बसले. पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, बरं झालं, आता ओटा दिवसभर चालेल. झालं उलटंच. त्यांनी खुर्ची आत नेऊन ठेवली. कुणी पोट्टा बूट चमकवून दारात आला तर आतूनच सांगायचे, "डोकं दुखून राह्यलं गड्या, मंग येजो." कापडवाले शेठ दोनदा येऊन रिकाम्या ओट्यावर बसले आणि कंटाळून उठून गेले. शेवटी मीच आत जाऊन बसले आणि म्हटलं, काकाजी, हे काय चाललंय? ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "बेकार माणसानं लोकायले सांगाचं का नोकरी कशी लागते? हसतीन ना लोक." मला फार वाईट वाटलं. या माणसाला कुणी हसेल असं त्यांना वाटावं, यापेक्षा आमच्या गल्लीची नाचक्की ती कोणती?

काकी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "पैशाचं मी पाहून घेईन वो," त्या हळूच म्हणाल्या, "पोरगा पाठोते, शेतीचं येते. पण हा माणूस बोलत नाई. भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाई. असा बसला तर हा जाईन एखाद दिवशी माह्या हातून." हे म्हणताना त्या कणीक मळत होत्या आणि हात काही थांबला नव्हता, पण डोळे भरले होते. काकींना नोकरीपेक्षा तो ओट्यावरचा आवाज परत हवा होता. मलाही हवा होता. खरं सांगायचं तर साऱ्या गल्लीला हवा होता.

त्याच सुमारास मला कळलं, की वर्ध्याच्या एका कॉलेजला मुलांच्या वसतिगृहावर देखरेख करायला वडीलधारा माणूस पाहिजे. राहायची सोय, रविवारी सुटी. मी काकाजींना न विचारता अर्ज करून टाकला आणि बोलावणं आल्यावरच सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मुलाखत हाये का?" मी म्हटलं, असणारच. मग म्हणाले, "मंग माह्याच्यानं नाई होत, पोरी." मी जवळजवळ ओरडलेच. अर्धा तालुका तुम्ही मुलाखतीला पाठवलात, आणि तुमच्याच्यानं नाही होत? आतून काकी म्हणाल्या, "जातेत ते. मी घेऊन जाते. नाई गेले तर मीच जाऊन बसते त्या खुर्चीवर."

झालं. त्या संध्याकाळी लुळी खुर्ची पुन्हा बाहेर आली, आणि तिच्यावर काकाजी बसले. अध्यक्षस्थानी मी. गिरडचा वनखात्यातला खास सुटी काढून आला. शेठनी येता क्षणी काकाजींच्या शर्टाचं कापड चिमटीत धरलं आणि डोळे मिटून "पास" म्हणाले. पुढचं मात्र कठीण होतं. मी म्हटलं, स्वतःबद्दल थोडक्यात सांगा. काकाजींनी आजोबांपासून सुरुवात केली. आजोबा बैलगाडीतून हिंगणघाटला आले, मग आजोबांचे बैल, मग त्या बैलांचा स्वभाव. काकाजींचा जन्म व्हायच्या आतच शेठना डुलकी लागली. वनखात्यातल्यानं विचारलं, "काकाजी, कमजोरी?"

"मले गोड लय आवडते."

"पण तुम्हाला तर साखर आहे," मी म्हटलं.

"मंग झाली ना कमजोरी! उलट आता खरी झाली."

आम्ही इतके हसलो की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. काकाजीही हसले, कितीतरी दिवसांनी. काकी दारात सूप घेऊन उभ्या होत्या, त्यांनी पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं.

मुलाखतीला आम्ही तिघं एस.टी.नं वर्ध्याला गेलो. काकाजींनी मुलाच्या लग्नातला कोट घातला होता, त्या उन्हात. आत प्राचार्य आणि पुण्याकडच्या एक मॅडम. उकाड्यामुळे दार उघडं, फक्त पडदा लावलेला, त्यामुळे बाहेरच्या बाकावर आम्हाला सगळं ऐकू येत होतं. सुरुवातीला काकाजींचा आवाज इतका बारीक निघाला की काकींनी माझा दंड घट्ट पकडला. मग मॅडमनी विचारलं, "समजा एखादा मुलगा रात्री जेवलाच नाही, तर तुम्ही काय कराल?"

"त्याच्याजवळ जाऊन बसीन," काकाजी म्हणाले. "इचारणार नाई काही. पोट्टे इचारलं का सांगत नाईत. मीच आपलं माह्या घरचं काहीतरी सांगत बसीन. मंग तो आपसूक बोलते. बोलला का जेवते."

मग गाडी रुळावर आली आणि लगेच भरधाव सुटली. काकाजींनी प्राचार्यांना गाव विचारलं, गावावरून आडनाव, आडनावावरून सोयरे काढले, आणि प्राचार्यांच्या मेहुणीचं लग्न आपणच जुळवलं होतं हे सिद्ध केलं. मॅडमचं माहेर कुठलं इथपर्यंत ते पोचले होते, तेवढ्यात मॅडम हसून म्हणाल्या, "आम्हाला तुम्ही पसंत आहात. पुढच्या सोमवारपासून याल?"

काकींनी माझा दंड सोडून हात जोडले. आणि आतून काकाजींचा आवाज आला, मऊ, नम्र, लग्नाच्या पंगतीतला. "नाई नाई, राहू द्या. माह्यापेक्षा चांगले लोक असतीन, त्यायले पाहा."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "ठीक आहे. आल्याबद्दल आभार." आणि शिपायानं पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं.

काकाजी पडदा सारून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "जमलं!" ते म्हणाले.

"काय जमलं?" काकी म्हणाल्या. "ते या म्हणे, आन् तुमी राहू द्या म्हणलं!"

"मंग? पयल्याच वक्ती हो म्हणतेत का? आता इचारतीन ना पुन्हा." आणि ते शांतपणे बाकावर बसले, कोटाची बाही झटकली, आणि पुन्हा बोलावण्याची वाट पाहू लागले. आत पुढच्या उमेदवाराची मुलाखत सुरू झालेली ऐकू येत होती. पाच मिनिटं गेली. काकाजी पडद्याकडे पाहत होते. आणखी काही वेळ गेला, तसा त्यांचा चेहरा उतरू लागला. मला काय करावं सुचेना. मी बँकेतली बाई, नियमानं चालणारी, झालेला व्यवहार परत कसा फिरवायचा हे माझ्या डोक्यात येईना. काकी मात्र उठल्या. पदर खोचला आणि पडदा बाजूला करून थेट आत गेल्या.

"बाई," त्यांचा आवाज खणखणीत आला, "आमच्या इकडं माणूस राहू द्या म्हणला का त्याले अजून एकदा इचारा लागते. तुमी इचारलंच नाई. आता इचारता, का मीच हो म्हणू?"

मग प्राचार्य कपाळावर हात मारून हसायला लागले. "अहो मॅडम, खरंच की! मी इथलाच, आणि माझ्याही लक्षात आलं नाही." मॅडमना आधी काही कळेना, मग कळलं तशा त्याही हसू लागल्या. खुर्चीवर बसलेला तो दुसरा उमेदवार बिचारा हातातल्या फायलीकडे पाहत होता. मॅडम स्वतः पडद्याजवळ आल्या आणि बाकावरच्या काकाजींना म्हणाल्या, "काका, मी पुन्हा विचारते. याल ना?"

काकाजी उभे राहिले. छातीवर हात ठेवला. "नाई, पण…" एवढं त्यांच्या तोंडून निघालं, आणि काकींनी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा काकाजी घाईघाईनं म्हणाले, "हो, हो. येतो."

काकाजी आता वर्ध्याला असतात. रविवारी घरी येतात. वसतिगृहातली पोरं त्यांच्यावर जीव टाकतात असं ऐकते, आणि काकी सांगतात की ते आता इतकं बोलतात की डोकं उठतं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरचं सुख लपत नाही. परवाच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. काकी देवळात गेल्या होत्या. पोरांच्या गमती सांगता सांगता काकाजी मध्येच थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, त्या दिवशी आत गेलो ना, तं जीभ टाळूले चिकटलती. वाटलं, पळून जावं."

"बाहेर काही कळलं नाही," मी खोटंच म्हटलं.

"मी येवढे पोट्टे हसत हसत धाडले वो त्या दारात. मले काय माहीत, आत असं असते. तुले बी बँकेच्या वक्ती भ्याव लागलं होतं?"

"खूप. परत फिरावं म्हणून बसमध्ये मी दोनदा उठून उभी राहिले होते."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

मी विचार करून खरं तेच सांगितलं. "तुम्ही मावशीच्या घरी पाठवल्यासारखं पाठवलं होतं, काकाजी. तुम्हाला भीती माहीत आहे असं मला वाटलं असतं, तर मी बसमधून उतरून परत आले असते. आम्ही सगळेच आलो असतो."

गल्लीत पोरं खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. मला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला, पण तशी आमच्यात सवय नाही.

"आता कोणाले तसं नाई धाडता येणार," काकाजी म्हणाले. "आता मले माहीत झालं ना."